मास्तरांची करंगळी

८ जानेवारी, सोमवार

ही वही मीच शिवली. पुस्तकांच्या कडा कापल्यावर उरणाऱ्या कागदाची आहे, म्हणून पानं लांबुळकी. तीन वर्षं कोरी पडून होती. आज उघडली, कारण आज जे झालं ते कोणाला सांगायची सोय नाही, आणि मनात ठेवायचं म्हटलं तर माझ्याच्यानं होणार नाही.

सकाळी मंडळाचे नवे थोरले बाइंडिंगच्या खोलीत आले. जुने थोरले वारल्यावर हे गादीवर बसले. वय चाळीस, बोलणं गोड. प्रकृती विचारली, खिडकीची काच फुटलीय म्हणाले, आणि मग हळूच, "मावशी, आठवा धडा उघडायचाय."

"कोणता आठवा?" मी म्हटलं. जसं काही मला माहीतच नाही.

अठरा वर्षं मी मंडळाच्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला आठवा धडा बंद करत आलेय. पानांच्या तिन्ही कडांना अर्धं बोट खळ, मग दिवसभर पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात दाब. खळ मैद्याची, चिमूटभर निळा मोरचूद घातलेली, म्हणजे कसर लागत नाही. धडा पाकिटासारखा बंद होतो. त्यात लिहिलंय की माणूस काही वेगळा घडवलेला नाही, इतर प्राण्यांतूनच लाखो वर्षांत हळूहळू होत आला. आमच्या मंडळाची शिकवण याच्या बरोबर उलटी. जनावरं साच्यातून काढलेली, माणूस मात्र घडवणाऱ्यानं मातीतून एकेक करून हातानं घडवला, आणि तळहातावरच्या रेघा म्हणजे त्याच्या बोटांच्या खुणा.

"बोर्डाच्या परीक्षेत त्या धड्यावर दहा गुण आहेत आता," थोरले म्हणाले. "गेल्या वर्षी निकाल घसरला. पालक येऊन भांडून गेले."

"दहा गुणांपायी?"

"दहा गुणांसाठी नाही हो, मुलांसाठी," म्हणाले, आणि लगेच घड्याळात पाहिलं.

तीनशे बारा प्रती आहेत. परीक्षेआधी सगळ्या मोकळ्या करायच्या. अठरा वर्षांचं माझं काम मीच उसवायचं.

मास्तर असते तर हसले असते. माझा नवरा त्याच शाळेत विज्ञान शिकवायचा. लग्नानंतरही मी त्यांना मास्तरच म्हणत राहिले. सातवा धडा संपला की ते सरळ नववा काढायचे. ते शिकवत नव्हते तो धडा मी चिकटवायची. गावातले लोक चेष्टा करायचे, या घरात आठ आकडा चालत नाही म्हणून.

त्यांना जाऊन तीन वर्षं होतील. मला आता दुसरं काही नको आहे. माझी वेळ आली की त्यांची गाठ पडावी, बस. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे जे काही लिहीन ते सगळं यावरूनच असणार.

९ जानेवारी, मंगळवार

सभागृहात जाऊन आले. रोज जाते, पण आज जास्त वेळ थांबले.

सभागृहाची उत्तरेकडची भिंत वरपासून खालपर्यंत हातांची आहे. मंडळातलं माणूस गेलं की त्याचा उजवा तळहात ओल्या मातीच्या फरशीवर दाबायचा, ती भाजायची आणि नाव घालून भिंतीत बसवायची. घडवणारा आपल्या बोटांच्या खुणा ओळखतो आणि त्या त्या माणसाला हाक मारतो. ज्याचा ठसा नाही, त्याला हाक नाही. एका हाताचा एकच ठसा. दुसऱ्यांदा दाबलेला चालत नाही. ठसा घेताना खोलीत वारलेला माणूस आणि ठसा घेणारा ठसेकरी, एवढे दोघंच. आमचे भाऊजी, म्हणजे मास्तरांचे धाकटे भाऊ, ठसेकरी आहेत. त्यांच्या आधी माझे सासरे होते. माती मळणं आमच्या घरातच आहे.

मास्तरांचा हात खालून तिसऱ्या ओळीत आहे. सगळं मंडळ तो ओळखतं. मास्तरांची उजवी करंगळी वाकडी होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला मदत करायला आले आणि माझ्या शिकंज्यात बोट घालून बसले. नको म्हटलं तरी मधेमधे. ते बोट जन्मभर हुकासारखं राहिलं. पण ठशात करंगळी सरळ आहे! जुन्या थोरल्यांनी त्यावर प्रवचन केलं होतं: घडवणाऱ्यानं परत घेताना आपलं काम दुरुस्त करून घेतलं. बायका आजारी माणसाला घेऊन येतात आणि त्या बोटावर त्याचं बोट ठेवायला लावतात.

आणखी एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. माती वाळताना, भाजताना आकसते. म्हणून भिंतीवरचे सगळे हात जिवंत हातापेक्षा लहान दिसतात. मास्तरांचा आकसला नाही. जसाच्या तसा आहे. जन्मभर धरलेला हात मला कळणार नाही होय?

आज थंडी इतकी होती की फरशीवर पाय ठरत नव्हता. भिंत गार, आजूबाजूचे हात गार. मास्तरांच्या हातात हात ठेवला तर तो कोमट. नेहमीच असतो. माझ्या आधी तिथे कोणीही येत नाही. फक्त भाऊजी झाडत असतात, आणि मी आले की माझ्याकडे पाठ करून उभे राहतात. लाजरा स्वभाव. लग्न केलं नाही ते बरंच झालं, बायकोशी बोलायलाच दहा वर्षं लावली असती.

१२ जानेवारी, शुक्रवार

आज चाळीस प्रती उघडल्या. कडेला ओला टीपकागद ठेवायचा, खळ फुगू द्यायची, मग हाडाची पट्टी आत सरकवायची. माझी खळ चांगली म्हणून आता माझ्याच जिवावर आली. चिकाटी धरायला लागते.

अठरा वर्षांत मी तो धडा वाचला नव्हता. शपथेवर सांगते. नजर बाजूला ठेवून खळ लावता येते, सवय झाली की. आज ओलं पान उलटलं आणि समोर हात आला.

पाच हात आहेत त्या चित्रात. म्हणजे हात एकच, बाकीचं काय म्हणावं? माणसाचा हात, माकडाचा हात, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर, मांजराचा पंजा. कातडी काढून नुसती हाडं दाखवलीत. सगळ्यांत तीच हाडं, लांबी तेवढी वेगळी. वटवाघळाची बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांब. देवमाशाच्या त्या मांसल वल्ह्यात आत बंद बोटं आहेत, हे वाचून मला कसंतरीच झालं. बाहेरून दिसत नाहीत, पण आत आहेत.

त्याहून वाईट पुढे. माकडाचा हात डाव्या पानावर आणि माणसाचा उजव्या पानावर, समोरासमोर. इतकी वर्षं दाबून राहिल्यानं शाई एकमेकांना लागलीय. माणसाच्या हाताच्या आत माकडाची फिकट बोटं उमटलीत. एका प्रतीत नाही, चाळीसच्या चाळीस प्रतींत. हे छापखान्याचं काम नाही. हे माझ्या शिकंज्यानं केलं.

हात धुतले, तरी मोरचुदाचा निळा रंग नखांत राहिला.

१६ जानेवारी, मंगळवार

मास्तर सापडले.

एका जुन्या प्रतीवर 'शिक्षकाची प्रत' असा शिक्का होता. धडा मोकळा केला, तर समासात पेन्सिलीनं अक्षर. त्यांचंच. वेलांटी अशी फेकायचे की पुढच्या शब्दाला लागायची.

"पुन्हा वाचला. चूक शोधायला बसलो होतो. सापडली नाही."

खाली तारीख, अकरा वर्षांपूर्वीची. म्हणजे नवी पुस्तकं घरी आली, मी खळ शिजवत होते, आणि हे पुढच्या खोलीत बसून हे लिहीत होते. दुसऱ्या दिवशी मी त्यावर खळ लावली. आणि शेजारी बसून मला म्हणाले असतील, आज खळीचा वास छान आलाय.

राग आला. खूप राग आला. मग ते अक्षर बोटानं पुसट होईल या भीतीनं पुस्तक मिटून ठेवलं.

दर वर्षीची एकेक शिक्षकाची प्रत असणार. आधी त्याच शोधते.

१९ जानेवारी, शुक्रवार

आज आणखी दोन सापडल्या.

"मुलांनी वाचला नाही म्हणून धडा खोटा होत नाही. शिकवला नाही म्हणून मी मात्र झालो."

"ही उद्या हे पान बंद करेल. हिची खळ कधी सुटत नाही."

दुसरी वाचून रडले. कौतुक होतं की तक्रार, ते विचारायला माणूस नाही.

मन लागेना म्हणून सभागृहात गेले. पण त्या चित्रानं माझी नजरच बिघडवलीय. भिंतीकडे पाहिलं तर ठसे दिसेनात, आतली हाडं दिसायला लागली. हा आखूड बोटांचा, तो लांब बोटांचा, याचा अंगठा त्याच्यासारखा. पूर्वी मला प्रत्येक हात निराळा वाटायचा. आज घराणी दिसत होती.

तेवढ्यात वरच्या ओळीत एक हात दिसला, पहिल्या बोटाचं टोक नसलेला. माझ्या सासऱ्यांचं तसं बोट होतं, मातीच्या यंत्रात गेलेलं. पण खाली नाव घड्याळजीचं! तो माणूस मी लग्न होऊन आले तेव्हा म्हातारा होता. एकदा भर सभेत उठून म्हणाला होता की माणूस एकदम झालाच नाही, हळूहळू झाला. मग त्याला माफी मागायला लावली. त्याची दहाही बोटं शाबूत होती. घड्याळं दुरुस्त करायचा तो.

मग सासऱ्यांच्या नावाचा हात शोधला. त्यात बोट पूर्ण आहे आणि हात लहानसा. ते मला आठवतंय. सासरे गेले तेव्हा भाऊजी परगावी शिकायला होते, म्हणून ठसा सासूबाईंनीच घेतला. लोक म्हणाले होते, जाताना हात लेकरासारखा झाला. खुद्द सासूबाईंची जागा मात्र रिकामी आहे. ठसा घेऊ नका म्हणून अडून बसल्या होत्या. "माझी माती संपली," एवढंच म्हणायच्या. आम्हाला वाटलं, म्हातारपणी भ्रमिष्ट झाल्या.

भाऊजींना विचारलं, "घड्याळजीचं बोट कधी तुटलं हो?"

"जुनी माती आहे वहिनी, टवका उडाला असेल," म्हणाले आणि बादली उचलून निघून गेले.

टवका नाही तो. पण असेलही घडवणाऱ्याची काही रीत. एकाचं बोट दुसऱ्याला देत असेल. मला काय कळतंय?

२४ जानेवारी, बुधवार

शेवटची शिक्षकाची प्रत. तारीख ते जाण्याच्या चार महिने आधीची.

"माझा ठसा घेऊ नये. जे मी मानत नाही त्यावर हात उमटवून जाणं बरं नाही. भावाला सांगितलं आहे, त्यानं वचन दिलं आहे. हिला सांगायचं धाडस नाही. हिला माझी गाठ पडण्याची आस आहे, ती मी कोणत्या तोंडानं काढून घेऊ?"

दुपारपर्यंत नुसती बसून होते. खळ भांड्यात थिजून गेली.

मग डोकं चालायला लागलं. घेऊ नये म्हणाले होते, पण ठसा तर आहे! भिंतीवर आहे, मी रोज हात लावते. म्हणजे शेवटच्या तासाला मन बदललं असणार. भाऊजी एकटेच जवळ होते. मास्तर म्हणाले असतील, घे बाबा, तिच्यासाठी तरी घे. घडवणाऱ्यानं बोट सरळ केलं तसं मनही सरळ केलं. दुसरं काय असणार? नाहीतर ठसा आलाच कुठून?

हे लिहिलं आणि जरा बरं वाटलं.

२५ जानेवारी, गुरुवार

भाऊजींना ती प्रत दाखवली. ते तारेनं माती कापत होते. वाचलं आणि तार हातातून सुटली.

"शेवटी त्यांनी मन बदललं ना?" मी विचारलं. "तुम्हीच होतात जवळ."

हातांवरची माती लुगदीसारखी गळत होती, ती फडक्याला पुसायचंही सुचेना.

"तुम्हाला काय वाटतं वहिनी?"

"मला वाटतं, बदललं."

"मग तसंच," म्हणाले.

अशा वेळी हो म्हणायला माणसाला एवढे कष्ट का पडावेत? पण खोकला होता त्यांना. आठवडाभर आहे.

३१ जानेवारी, बुधवार

थोरले आज उत्साहात आले होते. धडा उघडा तर ठेवायचा, पण उत्तराशिवाय नाही. पाच हातांच्या चित्रासमोर एक चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर मास्तरांच्या ठशाचा फोटो आणि खाली ओळ: 'घडवणाऱ्यानं दुरुस्त केलेला हात.'

"विज्ञान शिकवणाऱ्याचाच हात, मावशी! याहून मोठं उत्तर कोणतं?"

मला भरून आलं. तीनशे बारा पुस्तकांत मास्तर जाणार. जिथे लपून लिहीत होते त्याच पानावर, उजळ माथ्यानं.

भाऊजी तिथेच होते. पांढरेफटक पडले. "फोटो नको," म्हणाले. मोठ्यानं. त्यांना मोठ्यानं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"का बरं?" थोरल्यांनी विचारलं.

"भिंतीवरचं भिंतीवर राहावं."

थोरले हसले आणि फोटोवाल्याला उद्याची वेळ देऊन टाकली.

५ फेब्रुवारी, सोमवार

चिठ्ठ्या छापून आल्या. फोटो तिरप्या उजेडात काढलाय, त्यामुळे एकेक रेघ उठून दिसते. भिंतीवर कधी एवढं दिसलं नव्हतं. अंगठ्याच्या मुळाशी एक बारीक अर्धचंद्रासारखा व्रण आहे. मास्तरांना तसला व्रण नव्हता. मातीला तडा गेला असेल.

शाळेतल्या विज्ञानाच्या नव्या बाई मोकळ्या प्रती किती झाल्या ते बघायला आल्या होत्या. पोरसवदा आहेत, पण तोंड भारी चालतं. मी विचारलं, "ती पाच हातांची हाडं सारखी का असतात हो? खरं सांगा, मी काही थोरल्यांना सांगायला जात नाही."

"नात्यामुळे, मावशी," त्या म्हणाल्या. "सख्ख्या भावांचे हात बघा. एका आईबापाचे म्हणून सारखे. तेच मागे मागे न्यायचं, लाखो वर्षं. नातं लांबचं झालं की फरक वाढतो, एवढंच."

"आमच्या घरात सारखेच होते," मी म्हटलं. "दोघा भावांना मी एकाच मापाचे हातमोजे विणायची. धाकट्यांना जरा तंग व्हायचे. त्यांचा हात बोटभर मोठा, बाकी फरक नाही."

बाई हसल्या आणि प्रती मोजून गेल्या. मी त्या चिठ्ठीकडे बघत बसले. आकसला नाही. जसाच्या तसा राहिला. भाजल्यावरही.

काहीतरी मनात येऊ बघत होतं. मी उठून खळ ढवळायला घेतली.

६ फेब्रुवारी, मंगळवार

भाऊजींना न्यूमोनिया झालाय. डॉक्टर येऊन गेले, त्यांचं तोंड काही बरं नव्हतं. सभागृहामागच्या त्यांच्या खोलीत मीच आहे आता.

पडल्या पडल्या मला माती शिकवतात. हवा राहू द्यायची नाही, नाहीतर भट्टीत फरशी फुटते. "खळीसारखंच आहे वहिनी. घाई केली की गाठी होतात." थोरल्यांना सांगून टाकलं त्यांनी, माझ्यानंतर वहिनी. थोरले जरा घुटमळले, बाई ठसेकरी कशी म्हणून. मी सासूबाईंचं नाव घेतलं, तेव्हा तयार झाले.

मी मळलेला गोळा बघायला त्यांनी पांघरुणातून हात बाहेर काढला. उजवा. अंगठ्याच्या मुळाशी अर्धचंद्र. माती कापायच्या तारेचा व्रण, जुना.

मी गोळा खाली ठेवला. त्यांनी हात आत घेतला.

सभागृहात गेले. मास्तरांच्या नावाखाली तो हात होता. सकाळची तीच वेळ, तीच थंडी. हात लावला. गार होता. बाकीच्या सगळ्या हातांसारखा गार. तीन वर्षांत पहिल्यांदा.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज शुद्धीवर होते. स्वतःहून म्हणाले, "वहिनी, माझा ठसा घेऊ नका."

"का?"

"माझा झालाय."

मी काही विचारलं नाही, तरी सांगत गेले. दादाला शब्द दिला होता, तो मोडवेना. बाहेर तुम्ही उभ्या होतात, दारावर हात ठेवून, तेही बघवेना. माती तयार होती. करंगळीचं ध्यानातच आलं नाही. भट्टीतून काढल्यावर आलं. वाटलं, आता धरला गेलो. पण तुम्ही ते सरळ बोट बघितलंत आणि हसलात, वहिनी. मग थोरल्यांनी प्रवचन केलं. मग बोलायचं राहूनच गेलं.

"तुम्हाला आता हाक यायची नाही भाऊजी," मी म्हटलं. हा माणूस यातलं अक्षर न् अक्षर मानतो. मास्तरांचं एक होतं, त्यांनी मानणं सोडलं होतं. यानं मानत असताना आपला ठसा देऊन टाकला.

"येईल की. दादाच्या नावानं येईल," म्हणाले. थोडं हसले. "मी ओ देणार नाही."

"मला तेव्हाच सांगायचं होतंत."

"तीन वर्षं रोज सकाळी तुम्ही..." एवढं म्हणून थांबले. ताप चढला होता. पुढे बोललेच नाहीत.

१२ फेब्रुवारी, सोमवार

भाऊजी गेले. दुपारी अडीच वाजता, उन्हाची तिरीप पलंगावर होती.

दार लावून घेतलं. खोलीत ते आणि मी. माती मळलेली होती, गाठ नाही, हवा नाही. बाहेर थोरले आणि माणसं उभी होती. खोकल्याचे आवाज येत होते.

त्यांचा हात धरला. ज्या हाताच्या ठशात मी तीन वर्षं हात ठेवत होते, तो हात पहिल्यांदाच धरला. मातीवर नेला आणि थांबले. दुसऱ्यांदा दाबलेला चालत नाही. ते त्यांनी मानलं होतं, मग मी कोण मोडणार? पण भिंतीवर त्यांची जागा कोरी राहिली, तर लोक विचारतील. मग करंगळीपर्यंत पोचायला किती वेळ लागणार?

सासूबाई आठवल्या. माझी माती संपली म्हणायच्या. भ्रमिष्ट नव्हत्या. त्याही अशाच एका बंद खोलीत उभ्या राहिल्या असतील, बाहेर माणसं आणि समोर ओली माती.

मी बांगडी वर सरकवली आणि माझा उजवा हात दाबला. माती गार होती आणि खालून कोणीतरी धरल्यासारखी घट्ट. काढताना हात सुटता सुटेना. मोजून तीन वेळा ओढला.

नखांतला निळा रंग फरशीला लागला होता, तो पुसला.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

चिठ्ठ्या चिकटवून झाल्या, तीनशे बारा. पण खालची ओळ मी प्रत्येक चिठ्ठीवरून पट्टी लावून कापून टाकली. थोरल्यांना सांगितलं, पानात मावत नव्हती. पाच हातांसमोर आता नुसता एक हात आहे, कोणाचा ते लिहिलेलं नाही. पोरांना काय वाटायचं ते वाटो. या वेळी कडांना खळ लावली नाही.

भाऊजींचा ठसा आज भिंतीत बसवला. माझा हात मुळातच लहान, भाजल्यावर आणखी आकसला.

इथे एकदा नीट लिहून ठेवते. मास्तरांचा ठसा नाही. भाऊजींचा आहे, पण त्यांच्या नावानं नाही. माझा होता, तो मी देऊन टाकला. म्हणजे हाक आली तर आमच्यातल्या कोणालाच नीट यायची नाही. जिथे हाक पोचत नाही तिथे मास्तर तीन वर्षं आहेत. मी तिकडेच जाणार. माझी आस होती ती पूर्ण झाली म्हणायची. नव्या बाईंचं खरं असेल आणि तिकडे कुठे काहीच नसेल, तरी आम्ही दोघं एकाच बाजूला आहोत. भीती वाटते. नाही म्हणत नाही. पण एकटीला वाटायची तेवढी वाटत नाही.

फरशी बसवल्यावर थोरले खूप वेळ बघत राहिले. डोळ्यांत पाणी. "केवढे राकट हात होते ठसेकऱ्यांचे," म्हणाले. "आणि हा बघा, बाळासारखा झालाय. दोघाही भावांवर कृपा! मावशी, फोटोवाल्याला बोलावतो."

मागे पाच-सहा बायका थांबल्या होत्या. त्यातल्या एकीनं पुढे होऊन त्या लहान हातात आपला हात ठेवला आणि डोळे मिटले. दुसरीनं आपल्या आजारी सासूला धरून आणलं. म्हातारीनं हात ठेवला आणि दचकून म्हणाली, "अगं बाई, कोमट आहे!"

माणसं पुढे येईपर्यंत मीच त्यात हात ठेवून उभी होते, माझा हात अजून बसतो का बघायला. कोपऱ्यातला झाडू घेतला आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले.